विषाचा हिशेब
व्यवस्थापन आणि पर्यावरणीय विषविज्ञान यांचा जोडअभ्यास : बंगळुरूच्या संदर्भात

सन २०१० च्या द्राक्ष हंगामात नाशिक जिल्ह्यातील बागाईतदारांची झोप एका लहानशा आकड्याने उडविली. तो आकडा होता ०.०५. छाटणीनंतर वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराईड हे संजीवक आपल्याकडे वापरले जात असे. युरोपीय संघाने द्राक्षांतील त्याच्या अवशेषाची कमाल मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम ठरविलेली होती. एका कंटेनरमध्ये साडेबारा टन द्राक्षे भरली असे धरले, तर त्या सर्वांत मिळून जेमतेम सहा दशांश ग्रॅम! आपल्या निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत या रसायनाचे नावच नव्हते. त्यामुळे तपासणीची प्रमाणपत्रे खरी होती, पॅकिंग निर्दोष होते, कागदपत्रे चोख होती. आणि तरीही युरोपातील बंदरांत माल अडला. खरेदीदारांनी हात आखडले, भाव कोसळले, आणि बागेवर काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र ठरल्या तारखेलाच येत राहिले.

या प्रसंगात जाणकारांची वाण नव्हती. अवशेषांचे विश्लेषण करणारे रसायनतज्ज्ञ होते, निर्यातीचे व्यवहार कोळून प्यालेले व्यापारी होते, पतपत्रांवर हात बसलेले बँक अधिकारीही होते. उणीव होती ती या दोन्ही तीरांवर पाय ठेवून उभ्या राहणाऱ्या माणसाची. परदेशातील एक मर्यादा आणि आपल्या बागेतील एक फवारणी यांचा मेळ हंगामाआधी घालून, ‘हे रसायन यादीत घ्या, अन्यथा इतका माल धोक्यात आहे’ असे रुपयांत सांगू शकणारा तो माणूस. पुढे ते रसायन तपासणीत आले; परंतु फसलेला हंगाम फसलाच.

व्यवस्थापनाची पदवी आणि पर्यावरणीय विषविज्ञानाची पदवी या दोन्ही एकाच विद्यार्थ्याने घ्याव्यात, ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पहिली पदवी नफ्याचा मार्ग दाखविते, दुसरी त्या मार्गातील काटे मोजते. मुलगा किंवा मुलगी असे काही बोलू लागली, की ‘आधी एक काय ते धड करा’ हेच उत्तर बहुतेक घरांत मिळते. ते उत्तर सर्वस्वी चुकीचे नाही, हे पुढे दिसेलच. परंतु हा जोडअभ्यास नेमका कशासाठी, हे प्रथम पाहणे योग्य होईल.

मात्रा आणि संसर्ग

विषविज्ञान म्हणजे विषारी पदार्थांची जंत्री नव्हे. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने मांडलेले सूत्र आजही या शास्त्राचा पाया मानले जाते. पदार्थ विष ठरतो तो त्याच्या मात्रेमुळे. मीठही अति झाले की मारक ठरते आणि सोमलही अत्यल्प मात्रेत औषध म्हणून वापरले गेले आहे. म्हणून विषवैज्ञानिक प्रथम विचारतो, किती? मग विचारतो, कोणत्या वाटेने, किती काळ आणि कोणाला?

एखाद्या कीटकनाशकाची सुरक्षित मात्रा ठरविण्याची रीत बँकेच्या वाचकांना परिचित वाटावी अशी आहे. प्राण्यांवरील दीर्घ प्रयोगांत ज्या मात्रेपर्यंत कोणताही अपाय दिसत नाही, ती मात्रा प्रथम निश्चित केली जाते. समजा, ती शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅम निघाली. प्राणी आणि मनुष्य यांतील फरकासाठी तिला दहाने भागतात. माणसामाणसांतील फरकासाठी, म्हणजे बालके, वृद्ध, गर्भवती यांच्यासाठी, पुन्हा दहाने. उरली ०.०५ मिलिग्रॅम. साठ किलो वजनाच्या व्यक्तीस दिवसाला ३ मिलिग्रॅम. हे शंभराने भागणे म्हणजे काय? अनिश्चिततेपोटी केलेली तरतूदच. संशयित कर्जासाठी ताळेबंदात रक्कम बाजूला काढावी, तशी ही शरीराच्या ताळेबंदातील तरतूद. इंग्रजीत तर एकच शब्द दोन्ही व्यवसायांनी उचलला आहे. एखाद्या उद्योगात बँकेची किती रक्कम गुंतली आहे यालाही ‘एक्स्पोजर’ म्हणतात आणि एखाद्या शरीराचा विषाशी किती संबंध आला यालाही.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. अवशेषाची व्यापारी मर्यादा आणि आरोग्याला अपाय करणारी मात्रा या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या पिकावर एखाद्या रसायनाचा वापर मान्यच नाही, तेथे मर्यादा बहुधा उपकरणाला खात्रीने मोजता येईल इतक्या खालच्या पातळीवर ठेवलेली असते. ती ओलांडली म्हणजे खाणारा आजारी पडेल असे नव्हे; परंतु माल परत येईल हे मात्र निश्चित. पहिली गोष्ट विषविज्ञान सांगते, दुसरी वाणिज्य. फक्त पहिली जाणणारा ‘यात काही धोका नाही’ म्हणून स्वस्थ बसतो आणि फक्त दुसरी जाणणारा खऱ्या धोक्याकडेही केवळ कागदी अडथळा म्हणून पाहतो.

या दोन विद्यांची सांगड आपल्या परंपरेला परकी नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत अगदतंत्र, म्हणजे विषचिकित्सा, हे एक स्वतंत्र अंग आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोश, कर, खाणी आणि वजनमापे यांच्या जोडीला अन्नातील विष ओळखण्याची लक्षणेही दिलेली आहेत. शतकानुशतके दृष्टीआड झालेल्या या ग्रंथाची हस्तलिखित पोथी आर. शामशास्त्री यांच्या हाती आली ती म्हैसूरच्या ग्रंथालयात, १९०५ साली. १९०९ मध्ये त्यांनी ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. राज्याचा खजिनदार आणि विषवैद्य एकाच ग्रंथात नांदताना सापडले ते कर्नाटकात, हा योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे. कारण या जोडअभ्यासाचे आजच्या काळातील सर्वांत बोलके उदाहरणही त्याच राज्यात घडले.

बंगळुरूतील शिशाची गोष्ट

शिसे हे मानवाने फार पूर्वीपासून वापरलेले आणि फार उशिरा ओळखलेले विष. शरीरात गेल्यावर ते कॅल्शियमचे सोंग घेते आणि हाडांत ठाण मांडून बसते. रक्तातील शिसे निम्म्यावर येण्यास साधारण महिना लागतो, हाडांतील शिशाला मात्र दशके लागतात. गिळलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट भाग शोषून घेते. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर अधिकच. त्याचा घाव वाढत्या मेंदूवर पडतो आणि तो दिसत नाही. मूल आजारी पडत नाही, अभ्यासात मागे पडते एवढेच! शिशाला सुरक्षित अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मुलांच्या रक्तातील शिशासाठी दखलपात्र ठरविलेली पातळी १९९१ मध्ये दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम होती. २०१२ मध्ये ती ५ झाली आणि २०२१ मध्ये ३.५. वर सांगितलेली ‘शंभराने भागण्याची’ रीत येथे थिटी पडते, हेही विद्यार्थ्याने शिकावयाचे असते.

भारतीय शहरांतील मुलांच्या रक्तात शिसे किती आहे, याचा मोठ्या प्रमाणावरील शोध १९९७ ते १९९९ या काळात बंगळुरूतून घेतला गेला. त्यामागे दोन भिन्न वाटांनी आलेली माणसे होती. एक होते डॉ. अब्राहम जॉर्ज. भारतीय सैन्यातील सेवेनंतर ते अमेरिकेत गेले, न्यूयॉर्क विद्यापीठात व्यवसाय-व्यवस्थापन आणि वित्त यांचे उच्च शिक्षण घेतले, संगणक-प्रणालीचा व्यवसाय उभारला आणि मायदेशी कार्य करण्यासाठी जॉर्ज फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. दुसरे होते सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. तुप्पिल वेंकटेश. एकाने वित्त आणि संघटन पाहिले, दुसऱ्याने रक्ताचे नमुने. अनेक महानगरांतील हजारो नमुने तपासले गेले आणि तपासलेल्या बारा वर्षांखालील मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात तेव्हाच्या १० मायक्रोग्रॅमच्या पातळीहून जास्त शिसे आढळले. फेब्रुवारी १९९९ मध्ये बंगळुरूत शिसेविषबाधेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्यानंतर एका वर्षाच्या आत, १ फेब्रुवारी २००० पासून, देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले.

सरकारची पावले त्याआधीपासून पडत होती. त्यामुळे याचे सारे श्रेय एकाच अभ्यासाला देणे रास्त होणार नाही. परंतु जीवरसायनतज्ज्ञाजवळ आकडे असतात आणि ते आकडे धोरणकर्त्यांच्या टेबलावर पोहोचविण्याचे कसब बहुधा नसते. व्यवसायातून आलेल्या माणसाजवळ ते कसब असते आणि आकडे नसतात. बंगळुरूत ही दोन्ही माणसे एकत्र आली, म्हणून काम झाले. जोडअभ्यासाचा सारा आटापिटा आहे तो हे मीलन योगायोगावर न सोडण्यासाठी.

पुढे सेंट जॉन्समध्ये शिसेविषबाधेसाठी राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे राहिले. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. पेट्रोल आणि रंग या दोन वाटा अशा आवळल्या गेल्या. तिसरी वाट, म्हणजे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे गाळण्याचा उद्योग, अद्याप रुंदच आहे. आणि ही वाट थेट बँकेच्या दारावरून जाते, कारण असे उद्योग कर्जावर चालतात.

एक काल्पनिक प्रकल्प

उदाहरणादाखल, जुन्या बॅटऱ्यांतून शिसे काढणारा एक लघुउद्योग कल्पावा. भट्टीच्या धुरातील धूळ पकडणारी बॅग फिल्टरची यंत्रणा बसविण्यास ४० लाख रुपये लागतात आणि ती चालविण्यास वर्षाला ६ लाख. पकडलेल्या धुळीत शिसे असतेच. ती पुन्हा भट्टीत घातली की वर्षाला ५ टन शिसे मिळते असे धरू. किलोस १८० रुपये भावाने ते झाले ९ लाखांचे. म्हणजे निव्वळ लाभ ३ लाख आणि गुंतवणूक फिटण्यास तेरा वर्षांहून अधिक काळ. वाणिज्याचा विद्यार्थी हा प्रस्ताव बाजूला ठेवील आणि त्याच्या शिस्तीनुसार ते बरोबरच असेल.

आता याच ठिकाणी विषविज्ञान शिकलेला विद्यार्थी बसवावा. तो विचारील, यंत्रणा नसेल तर धूळ कोठे जाईल? कामगारांच्या श्वासात, आवारातील मातीत, पावसाळ्यात नाल्यात. कामगारांच्या रक्ताची तपासणी झाली की आकडे बोलतील आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा बंदीहुकूम येईल. तीन वर्षांतून एकदा तीस दिवसांची बंदी आणि दिवसाला पन्नास हजारांचे नुकसान धरले, तर १५ लाख. वर्षाला सरासरी ५ लाख. यंत्रणेने ही हानी टळते, म्हणून तिचा खरा वार्षिक लाभ ३ नव्हे, ८ लाख. चाळीस भागिले आठ, पाच वर्षे. ज्या प्रस्तावाला नकार मिळत होता, तो त्याच आकडेमोडीने मंजुरीयोग्य ठरतो. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने तर त्याहून महत्त्वाचे हे, की बंदीच्या महिन्यात थकणारा हप्ता थकत नाही.

एवढे करूनही या हिशेबाच्या बाहेर एक रकाना राहतोच. कामगाराच्या कपड्यांवरून, केसांतून ती धूळ संध्याकाळी घरी जाते आणि जमिनीवर रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते. त्या मुलाच्या वजा झालेल्या बुद्धीची रक्कम कोणत्याही ताळेबंदात येत नाही. ती आणावी कशी, हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ एमबीएच्या पुस्तकांत नाही आणि केवळ प्रयोगशाळेतही नाही.

रकान्याबाहेर ठेवलेली रक्कम कधी ना कधी रकान्यात येते, याचा दाखलाही बंगळुरूतच आहे. वर्षानुवर्षे सांडपाणी आणि साबणयुक्त पाणी पोटात घेणारे बेळ्ळंदूर तळे फेसाळले. २०१५ मध्ये त्या फेसाने पेट घेतला, फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्येही तेथे आगी लागल्या. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तळ्यांच्या पुनरुज्जीवनासाठी ५०० कोटी रुपये एस्क्रो खात्यात ठेवण्याचा आदेश कर्नाटक शासनास दिला. शिवाय शासनास ५० कोटींचा आणि महानगरपालिकेस २५ कोटींचा दंड केला. न मोजलेले सांडपाणी अखेर एस्क्रो खाते होऊन समोर आले, असे म्हणावयास हरकत नाही.

बंगळुरूच का?

विषविज्ञान हा बंगळुरूत प्रत्यक्ष व्यवसायही आहे. पीण्या औद्योगिक वसाहतीत रॅलीज कंपनीचे संशोधन केंद्र होते. त्यातून ॲडव्हायनस ही संस्था निर्माण झाली आणि २०१७ मध्ये ती युरोफिन्स समूहाकडे गेली. बायोकॉनच्या परिवारातील सिंजीन १९९३ पासून करारपद्धतीने संशोधन करते. औषधे, कीटकनाशके आणि औद्योगिक रसायने यांच्या सुरक्षिततेचे अभ्यास अशा प्रयोगशाळांत होतात. मार्च २०११ मध्ये भारत आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या परस्पर-स्वीकार व्यवस्थेत पूर्णांशाने सामील झाला. त्यामुळे मान्यताप्राप्त भारतीय प्रयोगशाळेतील अभ्यास त्या व्यवस्थेतील अन्य देशांत पुन्हा न करता ग्राह्य धरला जातो. एका अर्थाने बंगळुरूतून विषविज्ञानाची निर्यात होते.

या निर्यातीला गिऱ्हाईक मिळवून दिले ते युरोपच्या रीच कायद्याने. १ जून २००७ पासून अमलात आलेल्या या कायद्यान्वये वर्षाला एक टनाहून अधिक रसायन युरोपात न्यावयाचे तर त्याची नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी सुरक्षिततेची माहिती. माहिती नाही तर बाजारपेठ नाही, असा रोकडा व्यवहार. एकाच रसायनाच्या अनेक उत्पादकांनी माहिती एकत्रितपणे सादर करावयाची, अभ्यासांचा खर्च वाटून घ्यावयाचा, आणि उशिरा येणाऱ्याने ‘लेटर ऑफ ॲक्सेस’ विकत घ्यावयाचे, अशी त्याची रचना आहे. आता त्या पत्राची किंमत वाजवी की अवाजवी? त्यातील कोणता अभ्यास आपल्या रसायनाला लागू पडतो आणि कोणता उगाच गळ्यात मारला जात आहे? तारापूर, लोटे-परशुराम वा पाताळगंगा येथील लहान रसायन-उत्पादकाला हा प्रश्न पडतो तेव्हा त्याचा सनदी लेखापाल पहिला भाग सांगू शकतो, रसायनतज्ज्ञ दुसरा. दोन्ही भाग एका बैठकीत सांगू शकणाऱ्या माणसाला तो आनंदाने मोबदला देईल.

बँकांनाही अशी माणसे लागू लागली आहेत. मोठ्या प्रकल्पांना कर्ज देताना पर्यावरणीय आणि सामाजिक जोखीम तपासण्याची इक्वेटर तत्त्वे २००३ मध्ये आली. भारतातून ती प्रथम आयडीएफसीने २०१३ मध्ये स्वीकारली. सेबीने २०२१ मध्ये उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालाची नवी चौकट आणली आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने अग्रेसर अशा एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना तो अहवाल अनिवार्य झाला. त्यात पाण्याचा वापर, उत्सर्जन, घातक कचरा यांचे आकडे द्यावे लागतात. आकडे भरणारे पुष्कळ आहेत, वाचणारे थोडे.

अभ्यासाच्या वाटा

परदेशात हा संयोग एकाच प्रवेशात साधता येतो. मिशिगन विद्यापीठातील अर्ब इन्स्टिट्यूट एमबीए आणि पर्यावरणशास्त्रातील एमएस अशी दुहेरी पदवी देते. ड्यूक विद्यापीठातही व्यवस्थापन आणि पर्यावरण यांची संयुक्त वाट आहे. दोन पदव्यांतील काही विषय सामाईक धरल्याने चार वर्षांचे काम सुमारे तीन वर्षांत होते. खर्च मात्र तीन वर्षांचा, आणि तोही डॉलरमधील!

भारतात अशी तयार वाट नाही. ती स्वतः जोडावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन पदवी-अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यास मुभा दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातील असल्यास त्यांच्या तासिका एकमेकींवर येता कामा नयेत. किंवा एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ अथवा ऑनलाइन चालतो, मात्र दूरस्थ अभ्यासक्रमाला मान्यता हवी. पीएचडीला ही सवलत नाही. कागदावर हे सुबक दिसते. परंतु विषविज्ञानाचा अभ्यास प्रयोगशाळेत उभे राहून करावयाचा असतो. प्रयोगातील प्राणी आणि उपकरणे घड्याळ पाहत नाहीत. त्यामुळे एमएस्सी प्रत्यक्ष वर्गात आणि एमबीए दूरस्थ पद्धतीने, हीच जोडी व्यवहार्य ठरते. याच्या उलट जोडी करणाऱ्याच्या हाती दोन प्रमाणपत्रे पडतील, विषविज्ञान पडणार नाही.

त्याहून अधिक पसंतीची वाट क्रमाने जाण्याची आहे. ‘आधी एक काय ते धड करा’ हा घरचा सल्ला येथे उपयोगी पडतो. प्रथम विज्ञान. बंगळुरू विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास आहे. हेब्बाळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात औषधशास्त्र व विषविज्ञान हा विभाग आहे. पशुवैद्यकाचे नाव येथे पाहून कोणी दचकू नये. सुरक्षिततेचे अभ्यास प्राण्यांवर होत आले असल्याने भारतातील अनेक नामवंत विषवैज्ञानिक मूळचे पशुवैद्यच आहेत, आणि परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय, स्थापना १८८६, या दृष्टीने मराठी विद्यार्थ्याच्या घरचेच दार आहे. त्यानंतर तीन-चार वर्षे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत किंवा रसायन-उद्योगाच्या नियामक विभागात नोकरी. मग व्यवस्थापन. बंगळुरूची भारतीय व्यवस्थापन संस्था १९७३ पासून कार्यरत आहे आणि नोकरी न सोडता शिकणाऱ्यांसाठी सप्ताहाअखेरचा अभ्यासक्रमही तिने चालविला आहे. नोकरीचा अनुभव गाठी घेऊन व्यवस्थापनाच्या वर्गात बसणाऱ्यास पाठ्यपुस्तकातील उदाहरणे परकी वाटत नाहीत, कारण तशीच एखादी फाइल त्याच्या टेबलावरून गेलेली असते.

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला या वाटेने उलट दिशेने जाता येईल काय? पदव्युत्तर विषविज्ञानाला विज्ञानाची पदवी लागते, त्यामुळे पूर्णांशाने नाही. तथापि पर्यावरण-व्यवस्थापन, घातक कचऱ्याचे नियम, पर्यावरणीय लेखापरीक्षण अशा पदविकांतून त्याला विषवैज्ञानिकाचा अहवाल समजून घेण्याइतकी तयारी करता येते, आणि कर्जविभागात काम करणाऱ्यास तेवढीही शिदोरी थोडी नव्हे.

खर्च आणि कर्ज

क्रमाने जाण्याचा आणखी एक लाभ पैशाचा आहे. शासकीय विद्यापीठातील विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणाचे शुल्क व्यवस्थापनाच्या मानाने पुष्कळच कमी असते. बहुतेक घरांतून ते कर्जाविना भागते. मोठे कर्ज लागते ते दुसऱ्या पदवीला, आणि तोवर विद्यार्थी कमावता झालेला असतो. दोन्ही पदव्यांचे कर्ज एकदम काढून, नोकरीचा अनुभव शून्य असताना परतफेडीस बसणे शक्यतो टाळावे.

शिक्षणकर्जाचा हिशेब घरी बसून करता येतो. समजा, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दहा लाखांचे कर्ज आहे, व्याजदर १० टक्के, आणि अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने हप्ते सुरू होतात. पहिल्या वर्षारंभी उचललेल्या पाच लाखांवर तीन वर्षांचे सरळव्याज दीड लाख. दुसऱ्या वर्षारंभी उचललेल्या पाच लाखांवर दोन वर्षांचे एक लाख. म्हणजे हप्ते सुरू होताना डोक्यावर साडेबारा लाख. दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता सुमारे १६,५०० रुपये. हेच व्याज शिकत असतानाच भरत गेल्यास मुद्दल दहा लाखच राहते आणि हप्ता सुमारे १३,२०० रुपयांवर येतो. शिवाय असे नियमित व्याज भरणाऱ्यास अनेक बँका दरात सवलत देतात. आई-वडिलांपैकी जे सहकर्जदार असतील त्यांनी हे दोन आकडे समोरासमोर मांडून मगच निर्णय करावा.

साडेसात लाखांपर्यंतच्या पात्र कर्जास केंद्र सरकारच्या पतहमी निधीचे संरक्षण असते, त्यामुळे त्यासाठी तारण द्यावे लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार यांविना कर्जाची सोय आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असणाऱ्या आणि अन्य शिष्यवृत्ती वा व्याजसवलत न घेणाऱ्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या काळासाठी, तीन टक्के व्याजसाहाय्य मिळू शकते. शिक्षणकर्जावर भरलेल्या व्याजाची आयकरातील वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, मात्र जुनी करप्रणाली निवडणाऱ्यासच.

दूरस्थ एमबीएसाठी कर्ज हवे असल्यास संस्थेच्या मान्यतेचा कागद अर्जाआधी तपासून घ्यावा; अनेक बँका केवळ पूर्णवेळ अभ्यासक्रमच विचारात घेतात. जोडअभ्यासाच्या अर्जात एक अडचण नेहमी येते. अर्जातील अभ्यासक्रमाच्या नावावरून शाखेतील अधिकाऱ्यास नोकरीचा अंदाज बांधता येत नाही आणि प्रकरण वरिष्ठांकडे जाऊन रेंगाळते. अशा वेळी प्रवेशपत्र आणि शुल्काचा तपशील यांच्या जोडीला एका पानाचे टिपण द्यावे : आधीची पदवी कोणती, प्रयोगशाळेतील वा उद्योगातील अनुभव किती, पहिला पगार किती होता आणि आज किती आहे, आणि नव्या पदवीनंतर कोणत्या प्रकारच्या पदासाठी अर्ज करण्याचा मनोदय आहे. पगाराच्या मागील सहा महिन्यांच्या पावत्या सोबत असाव्यात. सहकर्जदार निवृत्तीच्या जवळ आलेले असतील तर त्यांच्या निवृत्तीची तारीख आणि पहिल्या हप्त्याची तारीख एकाच कागदावर लिहून दिल्यास शाखेतील एक फेरी निश्चित वाचते.